पुरलेली टाकी

धरित्री सर्व काही पोटात घालते, असे म्हणतात. गळालेले पान ती कुजवते आणि त्याचेच खत करून झाडाला परत देते. परंतु पोटात घातलेली प्रत्येक वस्तू ती पचवू शकते, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. जमिनीत पुरलेली खनिज तेलाची जुनी टाकी ही अशीच एक न पचणारी वस्तू होय.

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. पुढे मोटारी वाढल्या, तसे रस्तोरस्ती पेट्रोल पंप उभे राहिले. आगीचे भय कमी व्हावे म्हणून तेलाच्या लोखंडी टाक्या जमिनीखाली बसवण्याची रीत पडली. काळ पालटला की रस्ता बदलतो, पंप बंद होतो आणि त्या जागी दुकान किंवा घर उभे राहते. टाकी मात्र कधी कधी जागच्या जागीच राहते. ओलीने लोखंड गंजते आणि त्याला बारीक छिद्र पडते. सेकंदाला एक थेंब गळला, तरी दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर तेल मातीत जाते. आणि वर चालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

अहिल्यानगर या आजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची बहुतेक भूमी काळ्या कातळाची आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला खडक, अशी तिची रचना असते. विहिरीला पाणी येते ते या भेगांतून. पेट्रोल पाण्याहून हलके असल्यामुळे ते भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पाणी चढते, उन्हाळ्यात उतरते. त्याबरोबर तेलही खालीवर होते आणि मातीला चिकटून बसते. त्यातील बेंझीन नावाचा घातक पदार्थ पाण्यात विरघळून दूरवर जातो. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाखाव्या भागाहून अधिक बेंझीन नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेट्रोलमध्ये शेकडा एक भाग बेंझीन धरले, तर एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन पावणेनऊ लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे होते!

“पाण्याला वास आला, की विहीर बंद करावी, आधीपासून खटाटोप कशाला?” असे कोणी म्हणेल. परंतु नाक हा येथे भरवशाचा साक्षीदार नव्हे. बेंझीनचा वास जाणवण्याच्या कितीतरी आधी पाणी अपायकारक झालेले असते. म्हणूनच तपास शास्त्रीय रीतीने व्हावा लागतो. प्रथम जुने नकाशे व कागदपत्रे पाहून आणि गावातील वृद्धांना विचारून टाकीची जागा निश्चित करतात. मग निरनिराळ्या खोलीवरील माती काढून तपासतात. त्यानंतर निरीक्षणासाठी विंधन विहिरी घेतात. निदान तीन विहिरी त्रिकोणात असल्या, तर त्यांतील पाण्याच्या पातळीवरून भूजलाचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे कळते. टाकीच्या वरच्या अंगाचे आणि खालच्या अंगाचे पाणी प्रयोगशाळेत ताडून पाहिले, म्हणजे दोष टाकीचा की अन्य कशाचा, याचा उलगडा होऊ लागतो. कातळातील भेगांची वाट वाकडीतिकडी असते. तेथे अधिक विहिरी घ्याव्या लागतात आणि धीरही अधिक धरावा लागतो.

जागेच्या मालकाला वाटते, की तपासाने जमिनीची किंमत उतरेल. गावाला वाटते, की आपले नाव खराब होईल. ही भीती खोटी नाही. तथापि संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि प्रत्येक जुनी टाकी गळतेच असेही नाही. तपासाने जी जागा निर्दोष ठरते, तिच्यावरील संशय कायमचा फिटतो. जी सदोष ठरते, तिची माती काढून, तेल उपसून किंवा हवा खेळवून ती सुधारता येते. न तपासलेली जागा मात्र आज मालकाची आणि उद्या शेजाऱ्याची चिंता होऊन बसते.

अमेरिकेत १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला आणि तेव्हापासून तेथे पाच लाखांहून अधिक ठिकाणी गळती आढळली. भारत सरकारनेही २०२५ साली दूषित जागांविषयीचे नियम जारी केले. प्रदूषण ज्याने केले त्यानेच खर्च सोसावा, हे त्यांतील तत्त्व न्यायाचे आहे. पण नियम कागदावर राहू नयेत, यासाठी गावही जागे असले पाहिजे. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पाऊस आणि विहिरींचे पाणी मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा परिपाठ घातला. पाणी किती आहे, हे जसे मोजावे. तसेच ते कसे आहे, हेही मोजावे. कमी पावसाच्या या मुलखात एक विहीर नासणे म्हणजे अनेक घरांच्या तोंडचे पाणी पळणे होय.

ज्यांचे नाव आज या जिल्ह्याला आहे, त्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली झाला. त्यांनी ठिकठिकाणी विहिरी आणि घाट बांधले. विहीर खोदणे हे त्या काळी पुण्यकर्म मानले जाई. ते आजही पुण्यकर्मच आहे. पण खोदलेल्या विहिरीचे पाणी निर्मळ राखणे, हे त्याहून तसूभरही कमी नाही.