अक्षरे काढून का पोट भरते?

दिवाळी आली की घरोघरी एक चमत्कार घडतो. एरवी जिच्या वहीच्या मागच्या पानावर वेलबुट्टी दिसली की घर डोक्यावर घेतले जाते, त्याच मुलीला चार दिवस मोठ्या मानाने अंगणात बसवतात. "'शुभ दीपावली' तूच काढ गं ताई, तुझं अक्षर किती वळणदार!" आत्या कौतुक करते, शेजारीण फोटो काढून नेते. भाऊबीज झाली, रांगोळी पुसली, की कौतुकही पुसले जाते. त्या मुलीने बारावीनंतर "मला अक्षरांचेच काम शिकायचे आहे" एवढे म्हणून पाहावे, सारे गाव एका सुरात विचारते, "अक्षरे काढून का पोट भरते?"

हा प्रश्न आमच्या देवगाव रंगारीत मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याला आता जाहीर उत्तर देणे भाग आहे. ज्या गावाच्या नावातच रंगारी बसला आहे, त्या गावाने रंगाला नि रेषेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणावे, याहून मोठा विनोद कोणत्या दिवाळी अंकात सापडेल?

आमच्याच कन्नड तालुक्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे एक बुटका, पोट सुटलेला, हसरा यक्ष सापडला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत लिहिले आहे, की हे काम कान्हदास नावाच्या सोनाराने केले. इसवी सनापूर्वीची ही गोष्ट! एका कारागिराने एक हसरे पात्र घडविले आणि त्या पात्राच्या हातावर आपले नाव कोरले. पात्ररचना, अक्षरलेखन आणि श्रेयनामावली या तिन्ही गोष्टी आमच्या तालुक्यात दोन हजार वर्षांपूर्वी एका दगडात झाल्या. आणि आम्ही म्हणतो, ही मुंबईकडची नवी थेरे!

बरे, मुंबईकडे तरी काय घडले? दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, हे पाठ्यपुस्तकात असते. परंतु त्याआधी ते शिळाछापाच्या आणि छपाईच्या धंद्यात मुरलेले होते, हे कुणी सांगत नाही. मुक्या चित्रपटात पात्रांना वाचा देत होत्या त्या पडद्यावरच्या अक्षरांच्या पाट्या! कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकांचे पडदे रंगवत रंगवत चित्रपटाकडे वळले, १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' काढला, आणि 'पेंटर' हाच शब्द त्यांचे आडनाव होऊन बसला. आज गावात "तो पेंटर" म्हणताना आपले नाक किंचित वर जाते. त्या नाकाला बाबूरावांची आठवण द्यावी.

पोट भरते की नाही, एवढेच ज्यांना हवे आहे त्यांनी पुढची नावे ऐकावीत. कमल शेडगे टाइम्सच्या कलाविभागात नोकरी करीत होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची अक्षरे पाहून प्रेक्षक नाटकाचा स्वभाव ओळखत. २०२० साली ते गेले, तेव्हा हळहळला तो केवळ चित्रकारांचा वर्ग नव्हता. र. कृ. जोशी कवी होते, सुलेखनकार होते, पवईच्या आय. आय. टी.त शिकवीत होते. संगणकावर वर्षानुवर्षे आपण ज्या 'मंगल' टंकात मराठी वाचली, तो त्यांच्या हातचा. राम वाईरकरांनी १९८३ पासून 'टिंकल'मध्ये सुप्पांडीला चेहरा दिला. शेंडी उडवणारा तो भोळा गडी ज्याने लहानपणी पाहिला नाही, असा शहरी वाचक विरळा. आणि अक्षरकार अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. यांतल्या कुणाला अक्षराने किंवा रेषेने उपाशी ठेवले?

यावर हुशार माणसे म्हणतात, "अहो, आता सगळे संगणक करतो!" संगणक करतो खरे, पण संगणकाला अक्षर कोण देतो? 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. तो अर्धा र कुणीतरी माणसाने बसून काढावा लागतो, प्रत्येक जोडाक्षराशी तो कसा जुळेल हे ठरवावे लागते. आपल्या ल ची नि श ची घडण निराळी, म्हणून मराठी वर्णमालेच्या प्रमाण रूपांसाठी २००९ साली सरकारला निर्णय काढावा लागला. मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या मंडळींनी 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' हे टंक घडविले, तेव्हा आपल्या मोबाइलवर मराठीला अंगाबरोबरचे कपडे मिळाले. आज्ञा देताच चित्र काढून देणारी नवी यंत्रे तर मराठी जोडाक्षराचे अजूनही अनेकदा हातपाय मोडतात. यंत्र आले म्हणून अक्षरकार संपला, असे म्हणणे म्हणजे गिरणी आली म्हणून ज्वारी पेरायला नको, असे म्हणणे होय!

आमच्या बाजारपेठेतून एक फेरी मारा. ब्रशाने पाटी रंगवणारा गेला, फ्लेक्स आला. लांबट नावे दाबून चेपटी केलेली, आखूड नावे ताणून रबरासारखी; पुढाऱ्याचा चेहरा मोठा आणि 'हार्दिक' मधला रफार भलत्याच अक्षरावर. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा तो आनंद सांगणारे फलकही असेच लागले. अभिजात भाषेच्या अंगावर असली लक्तरे! हे काम नीट करणारे हात गावात आहेत. त्यांना कुणी विचारले नाही आणि शिकवलेही नाही.

आता दुसरी बाजूही बोलतो, कारण भाबडेपणा मलाही मान्य नाही. या धंद्यात पहिली काही वर्षे ओढीची असतात. काम ठरावीक नसते, पैसे उशिरा येतात, कधी बुडतातही. परंतु कापसाला नि मक्याला भावाची हमी कुणी दिली आहे, की या मुलांकडूनच आम्ही हमीपत्र मागावे? सावध राहायचे तर त्या दुकानांपासून राहा, जी "सहा महिन्यांत ॲनिमेशन, नोकरी नक्की" म्हणून लाखांनी शुल्क घेतात आणि पोराला पेन्सिल धरायलाही शिकवीत नाहीत. त्यापेक्षा एलिमेंटरी नि इंटरमिजिएटच्या परीक्षा द्या, जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय कला महाविद्यालय पाहा, मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेची चौकशी करा. आधी हात, मग यंत्र. हा क्रम चुकला की पैसे गेले.

आणि शेवटचा वार मला आपणा सर्वांवर, छापणाऱ्यांवर नि वाचणाऱ्यांवर, करायचा आहे. निर्णयसागर म्हटले की आपण जावजी दादाजींचे नाव घेतो, घ्यावेच. पण त्या सुरेख टायपाचे ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू किती जणांना ठाऊक आहेत? काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण कथालेखकाचे नाव ठळक छापतो. कथेचे शीर्षक ज्याने काढले, त्याचे नाव किती अंकांत असते? चित्रपट संपताना श्रेयनामावली वर सरकू लागली की आपण चपला शोधू लागतो. ज्याचे नाव नाही, त्याचा धंदा घरच्यांना दिसणार कसा? आईबापांच्या त्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. त्यांनी एकाही अक्षरकाराचे नाव कुठे छापलेले पाहिले नाही, म्हणून त्यांना वाटते की अशी माणसे नसतातच.

म्हणून माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही फुकटच्या आहेत. संपादकांनी अक्षरकाराचे नाव छापावे. शाळांनी चित्रकलेचा तास गणिताला उसना देणे बंद करावे. आणि आईबापांनी, फराळाचे ताट पुढे असतानाच, आपल्या मुलीला एवढेच विचारावे: "ताई, हे तुला शिकायचंय का?"

कान्हदासाला नाव कोरायला दगड मिळाला होता; आपल्या मुलांना निदान कागद तरी मिळू द्या.