पट काढल्यानंतर काय?

स्ट्रायकर भारी की ग्रॅपलर, या वादाचे पहिले मोठे उत्तर १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये मिळाले. पहिल्यावहिल्या यूएफसीत सडपातळ अंगाच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली. एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरलेला बॉक्सर आर्ट जिमरसन, मग केन शॅमरॉक आणि अंतिम लढतीत सावाटचा जेरार्ड गोर्दो. त्या रात्रीचा निष्कर्ष अनेक प्रशिक्षक अजून जसाच्या तसा सांगतात: जमिनीवर नेला की ठोसेबाज संपला. तालमीतून पिंजऱ्याकडे वळणाऱ्या आपल्या मुलांना तर हे वाक्य फारच गोड लागते. पट काढायचा, खाली आणायचे, लढत आपली. ही समजूत आज आपल्या पहिलवानांचेच नुकसान करते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ती मोडण्याचे काम या मासिकाच्या वाचकांचे, म्हणजे शिकवणाऱ्यांचे आहे.

रितू फोगाटची लढत आठवा. बलालीच्या फोगाट घराण्यातली ही मुलगी. २०१६ च्या राष्ट्रकुल कुस्ती स्पर्धेत सुवर्ण, २०१७ मध्ये २३ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत रौप्य. ३ डिसेंबर २०२१ रोजी सिंगापूरमध्ये वन चॅम्पियनशिपच्या अ‍ॅटमवेट ग्रां प्रीच्या अंतिम लढतीत तिच्यासमोर होती थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स. मुए थाय आणि किकबॉक्सिंग या दोन्ही प्रकारांत स्टॅम्पने याच संघटनेचे जेतेपद मिळवलेले. सगळ्यांनी मांडलेले गणित सरळ होते: रितूने खाली न्यायचे, स्टॅम्पने उभे राहायचे. प्रत्यक्षात दुसऱ्या फेरीत स्टॅम्पने खालून आर्मबार लावला आणि रितूला हार मानावी लागली. कुस्तीत मुरलेली मुलगी जमिनीवर हरली, तीही लाथाठोशांत वाढलेल्या मुलीकडून.

याला नशिबाचा फेरा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्यामागे सवयी आहेत आणि त्या आपल्याच तालमीत लागतात. कुस्तीत समोरच्याची पाठ टेकली की कुस्ती संपते. त्यामुळे पाठीवर पडलेला माणूस काय करू शकतो, हे पहिलवानाने कधी अनुभवलेलेच नसते. तो वर बसतो, हात लांब करून समोरच्याच्या छातीवर किंवा गादीवर टेकवतो, मान खाली घालतो. खालच्याचे पाय मोकळे असतील तर हा लांब केलेला हात म्हणजे आर्मबारचे आमंत्रण, आणि एक हात आत, एक बाहेर राहिला की ट्रँगल. खाली सापडल्यावरची सवय तर याहून घातक. चीत व्हायचे नाही म्हणून पहिलवान पालथा पडतो आणि घट्ट राहतो. मातीवर हा बचाव आहे. गादीवरही वरच्याला काही जमले नाही की पंच दोघांना उभे करतात. पिंजऱ्यात मात्र पालथे पडणे म्हणजे पाठ देणे. मागून पाय अडकतात, कानशिलावर ठोसे सुरू होतात, ते चुकवायला हनुवटी उचलली की गळ्याखाली हात जातो. तिसरी सवय मानेची. दुहेरी पटात डोके बाहेर ठेवून आत शिरणारा मुलगा आपली मान समोरच्याच्या काखेत स्वतःच नेऊन देतो. यूएफसीत लढलेला पहिला भारतीय २०१७ साली शांघायमध्ये सोंग यादोंगविरुद्ध पहिल्याच फेरीत गिलोटिनमध्ये सापडला, हे विसरून चालणार नाही.

स्ट्रायकर मंडळींनी मात्र आपला धडा फार लवकर गिरवला. २७ जुलै १९९७ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथ हा मार्क कोलमनसमोर उभा राहिला. कोलमन बार्सिलोना ऑलिंपिक खेळलेला कुस्तीगीर, यूएफसीचा हेवीवेट विजेता. त्याने स्मिथला खाली नेलेच. पण स्मिथ खाली कसे जगायचे ते शिकून आला होता. त्याने कोलमनचे हात बांधून ठेवले, खालून कोपरे मारली, दम राखला. कोलमनचा दम संपला तेव्हा स्मिथ उठला आणि त्याच्या पायांवर लाथा घालू लागला. एकवीस मिनिटांनंतर पंचांनी स्मिथला विजयी ठरवले. स्मिथने कोलमनला कुस्तीत हरवले नाही आणि त्याला तशी गरजही नव्हती. पुन्हा उभे राहण्यापुरती जमीन त्याला येत होती.

शिवाय नियमही उभ्याने लढणाऱ्याला हात देतात. प्रत्येक फेरी उभ्यानेच सुरू होते, म्हणजे ग्रॅपलरने पाच मिनिटांत कमावलेली जागा घंटा वाजताच जाते आणि ती त्याला पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते. जाळीला पाठ लावून उठता येते. आणि गुणदानात आता मारा किंवा पकडीचा परिणाम आधी पाहिला जातो. नुसता पट काढून वर बसून राहिलेल्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

मग पहिलवानाचे बलस्थान कुठे? ६ ऑक्टोबर २०१८ ला लास व्हेगासमध्ये खबीब नुरमागोमेदोव्हने कॉनर मॅकग्रेगरला चौथ्या फेरीत मान पिळून हरवले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रशिक्षकाने पाहायची ती दुसरी फेरी. तिथे खबीबने मॅकग्रेगरला उजव्या ठोशाने खाली पाडले. त्या काळातला सर्वांत नेमका ठोसेबाज ठोशानेच पडला. आमच्या मते त्याचे मूळ पहिल्या फेरीत आहे. पहिल्या फेरीत एकदा पाय धरले गेले की पुढे समोरच्याचा गुडघा वाकताना दिसला तरी स्ट्रायकरचे हात पट अडवायला खाली येतात, कंबर मागे जाते, वजन टाचांवर जाते. त्याच क्षणी चेहरा उघडा पडतो. पटाची नुसती धमकी ठोशाला वाट करून देते, आणि ठोशाची धमकी पटाला. जाब मारला, समोरच्याने हात वर घेतले, तर कंबर मोकळी. एकेका सेकंदाचा हा सांधा आहे आणि बरोबरीच्या जोडीत लढतीचा निकाल बहुतेक वेळा तिथेच ठरतो.

आपल्या बहुतेक जिममध्ये नेमका हाच सांधा कोणी शिकवत नाही. सोमवारी बॉक्सिंग, मंगळवारी जुजुत्सू, बुधवारी कुस्ती. तीन प्रशिक्षक, तीन वेळा, एकमेकांशी बोलणे नाही. मुलगा तिन्हीत बरा होतो आणि लढतीत पहिल्या मिनिटात गोंधळतो. याचा दोष मुलाला देऊ नका.

वस्तादांना आमची विनंती अशी. पटाचा सराव गादीवर पाठ टेकली की थांबवू नका. त्यानंतरची दहा-पंधरा सेकंदे खालच्याला हात-पाय चालवू द्या आणि वरच्याला डोके वर, कोपरे अंगालगत ठेवायला लावा. पालथे पडण्याची सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून आठवड्यातून एक पूर्ण सत्र मुलाला खाली ठेवूनच सुरू करा, हलके ठोसे चालू ठेवून. स्ट्रायकर शिकवणाऱ्यांनी पॅडवरच्या प्रत्येक जोडठोशानंतर पाय मागे फेकून कंबर खाली टाकायला लावावी आणि लाथ पकडली गेल्यावर काय करायचे ते लाथेसोबतच शिकवावे. पिंजरा परवडत नसेल तर भिंतीला जाड गादी बांधा, निम्मे काम तेवढ्याने भागते.

आपल्या तालमीतला पोरगा या खेळासाठी उत्तम तयार झालेला असतो. पकड, कंबर, दम आणि सोसण्याची ताकद त्याच्याकडे आधीच आहे, आणि ती मिळवायला बाकीच्यांना वर्षे लागतात. म्हणूनच त्याला घाईने उतरवू नये. पुढच्या स्पर्धेत नाव देण्याआधी त्याला पाठीवर झोपवा, वर एक वजनदार मुलगा बसवा आणि ठोसे सुरू असताना एका मिनिटात उठायला सांगा. उठता येत नसेल तर त्या स्पर्धेत त्याचे नाव देऊ नका.