अर्धवट हिशेबाचा आकडा

पेट्रोल आणि घरी भरलेली वीज अशा दोहोंवर धावणाऱ्या 'प्लग-इन हायब्रिड' मोटारीचा 'लिटरला १०० किलोमीटर' हा आकडा जपून वाचावयास हवा. त्यात अंतर सगळे धरलेले असते. खर्चात मात्र केवळ पेट्रोल, विजेची युनिटे नव्हेत. ८० किलोमीटर विजेवर कापले आणि उरलेल्या २० ला एक लिटर लागले, तरी फलकावर १००च झळकणार! युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या मोटारींतील मापकांच्या नोंदी तपासल्या. २०२४ च्या त्या अहवालात अशा मोटारींचे कार्बन डायऑक्साइडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट भरले. चाचणीत गृहीत धरले होते तितके चार्जिंग मालक करीतच नव्हते. करसवलती मात्र अनेक देशांनी त्या कागदी आकड्यावर वाटल्या. सवलत द्यावयाचीच, तर ती प्रत्यक्ष नोंदीवर द्यावी. मापक मोटारीत बसलेले आहेच.