तीनशे फुटांची टेकडी आणि मैदानावरचा दिवा

खानदेशातल्या माणसाने बर्फावर लिहायचे म्हणजे हसण्यासारखेच आहे. आमच्या जळगावला मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. बर्फ म्हणजे आमच्या लेखी रसवंतीवाल्याच्या गोणपाटात गुंडाळलेली लादी. फार तर एखाद्या कडाक्याच्या हिवाळ्यात सातपुड्यात डाब-तोरणमाळकडे दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात येते आणि आपण ती चहाबरोबर कौतुकाने वाचतो. तरीही आज मी बर्फावरून घसरण्याच्या खेळाविषयी, म्हणजे स्कीइंगविषयी लिहिणार आहे. निमित्त बर्फाचे आहे, पण दुखणे आपल्या घरचे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही दोघे लेकीकडे अमेरिकेत मिनियापोलिसला गेलो होतो. तिथे त्या दिवसांत दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला वाटले, आता सगळे गाव दारे लावून बसणार. पण नातू शाळेतून आला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, ‘‘आजोबा, चला टेकडीवर.’’ बाहेर उणे पंधरा आणि मिट्ट काळोख! जावईबापूंनी गाडी काढली. महामार्गावरून जाताना एकाएकी डाव्या हाताला एक पांढरी शुभ्र टेकडी दिव्यांनी लखलखताना दिसली. आमच्या गावाकडे जत्रेत लांबून पाळणा दिसावा तशी.

तिचे नाव बक हिल. बर्न्सव्हिल नावाच्या उपनगरात ही टेकडी आहे. १९५४ पासून तिथे स्कीइंग चालते. उंची किती म्हणाल, तर सुमारे तीनशे फूट. पुण्याच्या पर्वतीएवढी म्हणा. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर धुळ्याचे. त्या टेकडीकडे बघून अहिराणीत म्हणाल्या, ‘‘हाई ते आपला लळिंगनं पिल्लू शे!’’ स्कीइंग म्हटले की सिनेमात पाहिलेले आल्प्सचे सुळके माझ्या डोळ्यांपुढे होते. ही टेकडी पाहून मी थोडा खट्टूच झालो, हे कबूल करतो.

तिथे एक बाक पाहून बसलो आणि दोन तास बघत राहिलो. पोरे दप्तर टाकून थेट आलेली. कुणाबरोबर आई, कुणाबरोबर काका. अगदी लहानांसाठी जमिनीलगत एक सरकता पट्टा होता, त्यावर उभे राहिले की तो वर नेऊन सोडतो. मोठ्यांसाठी सतत फिरणारा दोरखंड. तो हातात धरायचा, की ओढत वर नेतो. वरून खाली यायला मिनिटभर लागत नाही. पुन्हा दोर, पुन्हा वर. आमचा नातू त्या संध्याकाळी किती वेळा पडला याची मोजदाद मी पंचविसानंतर सोडून दिली. मात्र जायच्या वेळी तो न पडता खाली आला आणि माझ्याकडे बघून हात हलवला.

मग जावईबापूंनी सांगितले, की याच टेकडीवर लिंडसे व्हॉन शिकली. २०१० साली व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ‘डाऊनहिल’ या सर्वांत वेगवान शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारी हीच ती. पुढे ती कोलोरॅडोतल्या मोठ्या डोंगरात सरावाला गेली हे खरे, पण पाया इथला. ऑस्ट्रियातून आलेले एरिक सायलर नावाचे प्रशिक्षक इथे पोरांना शिकवीत. टेकडी लहान, दोर वेगवान, म्हणून एका संध्याकाळी कितीतरी फेऱ्या होत. मोठ्या डोंगरावर एक फेरी व्हायची, तेवढ्यात इथे अनेक. मी जन्मभर मास्तरकी केली. पाढे कसे पाठ होतात हे मला कुणी सांगायला नको. एकदा मोठ्याने म्हणून नव्हे, रोज थोडे थोडे म्हणून!

आणखी एक गोष्ट फार आवडली. तिथला बराचसा बर्फ आकाशातून पडत नाही, तो करतात. पाणी आणि दाबलेली हवा यंत्रातून फवारतात. थंडी पुरेशी असेल तर थेंब खाली येईपर्यंत गोठतो. अमेरिकेत ही युक्ती १९५० च्या सुमारास निघाली. जळगावच्या माणसाला तुषार सिंचन समजावून सांगावे लागत नाही, हे त्याचेच बर्फाळ भावंड. देवाने जेवढे दिले त्यावर न थांबता, माणसांनी टेकडीला हिवाळा दिला आणि रात्रीला दिवा दिला.

पण अशा लहान टेकड्या टिकणे सोपे नाही. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंड म्हणून सहा राज्यांचा प्रदेश आहे. तिथे बंद पडलेल्या स्कीइंगच्या जागांची नोंद काही मंडळींनी आस्थेने ठेवली आहे. ती यादी सहाशेच्या पुढे गेली आहे! कुठे शेतकऱ्याच्या उतारावर एक दोर, कुठे गावच्या शाळेमागची टेकडी. काही खर्चाने मेल्या, काही उबदार हिवाळ्यांनी. मिनियापोलिसचा २०२३-२४ चा हिवाळा तर नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. उलट एक गंमत बघा. व्हेल रिसॉर्ट्‌स ही डोंगरच्या डोंगर बाळगणारी बडी कंपनी. तिने २०१२ मध्ये मिनेसोटातली आफ्टन आल्प्स आणि मिशिगनमधली माउंट ब्रायटन या दोन लहान जागा विकत घेतल्या. का? तर शहराजवळच्या टेकडीवर जो शिकतो, तोच पुढे मोठ्या डोंगरावर तिकीट काढून येतो. लहान जागेची किंमत व्यापाऱ्याला कळली. आम्हा शिक्षणवाल्यांना कळली का, हा माझा प्रश्न आहे.

आता दुखण्याकडे येतो. १९९६ ची गोष्ट. माझ्या शाळेत नववीत एक मुलगा होता. सकाळी बापाबरोबर डाळमिलमध्ये पोती उचलायला मदत करी, मग शाळा, शाळा सुटली की चहाच्या टपरीवर. साडेसातला मोकळा होई. धावायला असा, की इतर पोरे अर्ध्यावर असताना हा पोचलेला असे. त्या वर्षी खेळांची जबाबदारी माझ्याकडे होती. तो एकदा भीत भीत आला आणि म्हणाला, ‘‘सर, ग्राउंडवर एक लाइट लावला तर मी रात्री पळीन.’’ मी काय म्हणालो असेन? ‘‘विजेचं बिल काय तुझा बाप भरणार? आधी गणितात पास हो.’’ वर्गात हशा पिकला. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. दहावीला तो शाळेत नव्हता.

एवढ्यावर थांबले असते तरी मी स्वतःला माफ केले असते. पण काही वर्षांनी तेच मैदान लग्नसराईत भाड्याने जाऊ लागले. रात्रभर हॅलोजन जळत. मीही तिथे पंगतीत बसून जिलबी खाल्ली आहे. दिवा लावता येत होता तर! फक्त तो कुणासाठी लावायचा, हे आम्ही ठरवून टाकले होते. बक हिलच्या त्या बाकावर, हातात गरम कॉफीचा पेला धरून, मला तो मुलगा आठवला आणि कॉफी गोड लागेना.

तुम्ही म्हणाल, मास्तर, अमेरिकेची बरोबरी कशाला? तिथेही हा खेळ स्वस्त नाही. बूट, पट्ट्या, तिकीट, सगळ्याला डॉलर पडतात. मान्य. आपल्याकडे कृत्रिम बर्फ करा, असे म्हणण्याइतका मी म्हातारचळ लागलेला नाही. प्यायच्या पाण्याला दिवस मोजणारा आमचा भाग. पण जरा विचार करा. त्यांना साडेचारचा अंधार आडवा येतो, आपल्याला मार्च ते जून दिवसभराचे ऊन. दुपारी आमच्या मैदानावर कुत्रेसुद्धा फिरकत नाही. म्हणजे खानदेशात खेळायची वेळ कोणती? सूर्य मावळल्यावरचीच! आणि नेमक्या त्याच वेळी आपण फाटकाला कुलूप घालतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी क्रीडा संकुल असावे, त्याला माझा विरोध नाही. पण यावल किंवा साक्रीच्या पोराने रोज संध्याकाळी तिथे यायचे कसे? भारताचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला गेला, आपल्या देशाचा एकटा खेळाडू. तो गुलमर्गच्या परिसरातला, वडिलांचे स्कीचे दुकान. उतार दाराशी होता म्हणून पट्ट्या पायाला लागल्या. आपल्या पोरांच्या दाराशी काय आहे? शाळेचे मैदान आहे. तेच आपली तीनशे फुटांची टेकडी. त्यावर चार दिवे आणि नऊ वाजेपर्यंत बसणारा एक माणूस, एवढे पुरे. आम्ही निवृत्त मंडळी मेहरूण तलावावर सकाळी फिरतो आणि संध्याकाळी बाकावर बसून राजकारण करतो. तो बाक मैदानावर नेला तर काय बिघडेल?

परत आल्यावर मी आमच्या कॉलनीजवळच्या एका शाळेत जाऊन बोललो. ‘‘बघू,’’ म्हणाले. या शब्दाचा अर्थ मला चांगला ठाऊक आहे, मीच तो बारा वर्षे वापरला आहे. पण मी पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी विजेच्या बिलाला माझ्या पेन्शनमधून किती देता येतील ते लिहून नेणार आहे.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला असेल. कुठे असेल, काय करीत असेल, कोण जाणे. त्याला सांगायला आता माझ्याजवळ काही नाही. असो. वाचकहो, आज संध्याकाळी साडेसातला तुमच्या जवळच्या शाळेच्या मैदानावरून एक चक्कर मारा. दिवा लागतो का, एवढेच बघून या.