सैनिकाचा ताप आणि कोरकूचा ताप

पावसाळा ओसरला की मेळघाटातील कोरकू मजूर सोयाबीनच्या सोंगणीला आणि कापसाच्या वेचणीला अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर उतरतो. हिवतापाचा हंगामही नेमका हाच. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो. त्याला उखडण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप चौथ्या दिवशी उतरलेला असताना अकोटच्या शिवारात रोजावर राबणारा माणूस उरलेले १० दिवस गोळ्या गिळत राहील, ही अपेक्षा सरकारी दप्तरातच शोभते.

प्रायमाक्विन १९५२ साली आले. एकाच मात्रेत तेच काम करणाऱ्या टॅफेनोक्विनला अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१८ साली. मध्ये ६६ वर्षे! विज्ञान इतके मंदगती होते काय? मुळीच नाही. हा रेणू अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत १९७८ सालीच तयार झाला होता. चीनने १९६७ साली ‘प्रकल्प ५२३’ उभारला तोही व्हिएतनामच्या जंगलात लढणाऱ्या सैनिकांसाठी. त्यातूनच तू यूयू यांच्या हाती आर्टेमिसिनिन लागले, तेही पेटंटच्या आमिषावाचून. सैनिक तापाने फणफणला की सरकारांना प्रयोगशाळा आठवते. मजुराच्या तापाला मात्र अर्थशास्त्राच्या परिभाषेतील ‘परिणामकारक मागणी’ नसते. साध्या मराठीत, त्याच्या खिशात पैसा नसतो. १९७५ ते १९९९ या काळात जगाच्या बाजारात आलेल्या १,३९३ नव्या औषधांपैकी उष्ण कटिबंधातील रोग आणि क्षय यांच्या वाट्याला मिळून आली अवघी १६.

पेटंटचा कायदा कडक केला की भांडवल अशा संशोधनाकडे वळेल, असे छातीठोकपणे सांगितले गेले. २००५ साली आपण औषधांवर उत्पादन-पेटंट लागू केले. २०१४ साली अ‍ॅस्ट्राझेनेकाने क्षय व हिवतापावर काम करणारे आपले बंगळूरचे संशोधन केंद्र गुंडाळले. पेटंटच्या भाटांनी याचा जबाब द्यावा.

आर्टिईथर सिद्ध केले ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने, जनतेच्या पैशातून. अशा संस्थांना सैन्याच्या तोडीचा निधी आणि त्यांनी शोधलेले औषध बनवायला सार्वजनिक कारखाने हवेत. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली याच विचाराने उभा राहिला. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तो विकण्याचा निर्णय घेतला!

शिवाय टॅफेनोक्विन देण्याआधी रक्तातील एका विकराची तपासणी करावी लागते, नाहीतर काही रुग्णांच्या तांबड्या पेशी फुटतात. ती तपासणी सेमाडोह-हरिसालपर्यंत कोणता व्यापारी नेणार आहे?