भिंत कुणाची, मैदान कुणाचे?

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पनवेल-कर्जत उपनगरी लोहमार्ग २०१६ मध्येच मंजूर झाला होता. त्याआधी २०१३ मध्ये सिडकोच्या ‘नैना’ क्षेत्रात कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील गावे समाविष्ट झाली. मुंबईकरांनी शनिवार-रविवार घालवण्याची जागा, ही या दोन तालुक्यांची ओळख त्यामुळे झपाट्याने पुसली जात आहे. रस्ते, पाणी आणि जमिनीचे भाव यांवर भरपूर बोलले जाते. मात्र, उद्याच्या या शहरात लोकांनी गाणे कुठे म्हणायचे, नाचायचे कुठे आणि भिंतीवर चित्र कुणी काढायचे, याचा विचार कोणत्याही आराखड्यात ठळकपणे दिसत नाही. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वास्तविक तो सार्वजनिक जागेवर हक्क कुणाचा, याचा प्रश्न आहे.

या भागात संगीताची वाण कधीच नव्हती. हरिनाम सप्ताह, गावोगावची भजनी मंडळे, आगरी लग्नांतील धवले, ठाकर वाड्यांवरचा गौरीनाच आणि ढोलाचा नाच, भीमजयंतीची गाणी हे सारे तिकिटाविना आणि प्रायोजकाविना चालत आले. त्याला लागते ती देवळापुढची मोकळी जागा, वाडीतले अंगण किंवा गावचा चौक. कलावंत आणि प्रेक्षक एकाच गावचे असतात. आज टाळ धरणारा उद्या श्रोता होतो.

गेल्या दोन दशकांत येथे दुसरेही संगीत आले. ते फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या आवारात, शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी वाजते. २६ जून २०११ रोजी खालापूर परिसरातील एका रिसॉर्टवर रायगड पोलिसांनी छापा घातला आणि सुमारे तीनशे तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकातील एका अधिकाऱ्यालाही त्या प्रकरणात अटक झाली. ‘खालापूरची पार्टी’ हा शब्दप्रयोग त्यानंतर महाराष्ट्रभर झाला. सर्वच रिसॉर्ट असे असतात, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु बंदिस्त आवारातील व्यवसाय आणि गावच्या चौकातील कार्यक्रम यांत कायदा फारसा भेद करत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते. गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि ३१ डिसेंबर यांतच हे दिवस मुख्यतः खर्च होतात. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ३३ अन्वये करमणुकीच्या कार्यक्रमांचे नियमन होते. हे नियम आवश्यकच आहेत. भिंती हादरवणाऱ्या डीजेचा त्रास रुग्णांना आणि वृद्धांना किती होतो, हे वेगळे सांगायला नको. तथापि, या कागदपत्रांसाठी व्यवस्थापक नेमणे रिसॉर्टला जमते. चार मुलांनी जुळवलेल्या वाद्यवृंदाला किंवा वाडीवरच्या नाचाच्या मंडळाला ते जमत नाही.

भिंतींची कथाही निराळी नाही. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ पासून लागू आहे. दुसरीकडे, २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणाच्या स्पर्धेत उतरलेल्या पालिका स्वतःच भिंती रंगवून घेऊ लागल्या. हे काम बहुधा कंत्राटाने होते आणि घोषवाक्यांच्या जोडीला वारली चित्रे काढली जातात. वारली ही मुख्यतः पालघरच्या डहाणू-जव्हार पट्ट्यातील कला. कर्जत-खालापूरमध्ये प्रामुख्याने ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी राहतात. ल. ना. चापेकर यांनी ठाकरांवरील आपला इंग्रजी अभ्यासग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे या समाजाची दखल विद्वानांनी घेतली, गावच्या भिंतींनी मात्र अद्याप घ्यायची आहे. ‘आदिवासी’ म्हटले की वारली, ही शहरी समजूत येथे रंगवली जाते.

या संदर्भात वेल्समधील पोर्ट टॅलबट या गावाचे उदाहरण उद्बोधक आहे. टाटा स्टीलच्या पोलाद कारखान्यामुळे ते भारतीयांना परिचित आहे. तेथील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. खोपोलीतही टाटांच्या जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली, तेव्हा दोन्ही ठिकाणची औद्योगिक घडण अगदीच परकी नाही. डिसेंबर २०१८ मध्ये बँक्सी या अनामिक चित्रकाराने पोर्ट टॅलबटमधील एका गॅरेजच्या भिंतीवर चित्र काढले. एक मूल जिभेवर हिमकण झेलते आहे आणि ते हिमकण म्हणजे प्रत्यक्षात जळत्या कचऱ्याची राख आहे. चित्र विकले गेले, २०१९ मध्ये हलवले गेले आणि २०२२ मध्ये गावाबाहेर गेले. मात्र, त्यातून उमेद घेतलेल्या चित्रकारांनी गावातील इतर भिंती रंगवल्या आणि ती चित्रे गावाची झाली. त्याच गावात २०११ च्या ईस्टरमध्ये अभिनेता मायकेल शीनसह शेकडो रहिवाशांनी तीन दिवस रस्त्यांवर नाट्यप्रयोग केला होता. ख्यातनाम पाहुण्याच्या कलाकृतीपेक्षा स्थानिकांचा सहभाग अधिक टिकतो, हाच याचा अर्थ.

वेल्सच्या सरकारने २०१८ च्या नियोजन धोरणात आणखी एक तत्त्व स्वीकारले. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी वसाहत उभी राहात असेल, तर आवाजापासून बचावाची जबाबदारी नव्याने येणाऱ्या बांधकाम व्यावसायिकाची. आपल्याकडे उलटे घडण्याचा धोका आहे. शंभर वर्षे सप्ताह चाललेल्या देवळाशेजारी सात मजली इमारत उभी राहील आणि पहिल्याच वर्षी टाळ-मृदंगाविरुद्ध तक्रार जाईल. अर्थात, या तत्त्वाने आवाजाच्या मर्यादा रद्द होत नाहीत. केवळ आधीपासून असलेल्याला गुन्हेगार ठरवले जात नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. वाचलेल्यांना नवी घरे देणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होते. परंतु वाडी हलते तेव्हा तिचे नाचाचे अंगणही मागे राहते, आणि ते कोणत्याही भरपाईच्या यादीत नसते. रायगड जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत नसल्याने, ग्रामसभेला रूढी-परंपरांच्या रक्षणाचा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदाही येथे लागू नाही. म्हणूनच ही जबाबदारी नगररचनेवर अधिक येते.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक विकास आराखड्यात उद्यानाप्रमाणेच कार्यक्रमासाठी मोकळे मैदान आरक्षित व्हावे. मर्यादित आवाजाच्या, विनातिकीट कार्यक्रमांना तहसील पातळीवर एकाच अर्जावर परवानगी मिळावी. रात्रीच्या सवलतीचे निदान एक-दोन दिवस स्थानिक उत्सवांसाठी राखावेत. पालिकांनी भिंती रंगवताना तालुक्यातील कलाशिक्षक, विद्यार्थी आणि वाड्यांवरील कलावंत यांना मानधन देऊन बोलवावे. यासाठी लागणारा पैसा फुटकळ आहे. इच्छाशक्ती मात्र हवी. भूखंड एकदा विकले गेले की मैदान परत मिळत नाही, हा धडा मुंबईने स्वतः मोठी किंमत मोजून घेतला आहे. तो कर्जत-खालापूरला पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लावणे शहाणपणाचे नव्हे.