उधारीचे फूट कोण मोजणार?

कृष्णेचे पाणी चढू लागले की सांगलीत एकच विचारणा सुरू होते: आयर्विन पुलाला किती फूट? 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये हाच आकडा 57 च्या पुढे गेला आणि त्याने सगळ्यांना जन्माचा धडा दिला. बाजार थंडावला की वसंतदादा मार्केट यार्डात, तासगावच्या बेदाणा सौद्यांत आणि कुपवाडच्या वर्कशॉपांत दुसरे एक पाणी असेच चढते. ते मोजायला मात्र कुठल्याच पुलावर पट्टी रंगवलेली नाही. हे पाणी थकलेल्या उधारीचे आहे आणि त्याची आम्हाला महापुराइतकीच धास्ती वाटते.

मंदीत प्रत्येक जण खर्चाला कात्री लावतो, त्यात गैर काही नाही. पण कात्री लावायची म्हणजे नेमके काय केले जाते ते पाहा. उत्तरेतला मोठा खरेदीदार पेमेंट महिनाभर पुढे ढकलतो. त्याचे पैसे आले नाहीत म्हणून इथला व्यापारी अडत्याला थांबवतो आणि अडत्या शेतकऱ्याला ‘पुढच्या सौद्याला बघू’ म्हणून परत पाठवतो. वरच्याचा खर्च वाचल्यासारखा दिसतो, पण तो वाचलेला नसतो. एक-एक पायरी उतरत तो सर्वांत कमी ऐपतीच्या माणसाच्या दारात येऊन बसलेला असतो.

हिशेबच मांडू. एका बागायतदाराने 10 टन बेदाणा किलोला 150 रुपयांनी विकला असे समजा. रक्कम झाली 15 लाख. ती तीन महिने अडकली आणि त्याचे कर्ज 12 टक्क्यांचे असेल, तर 45 हजार रुपये नुसत्या व्याजात गेले, म्हणजे किलोमागे साडेचार रुपये. शीतगृहाचे भाडे, हमाली, बॉक्स यांवर रुपया-आठ आणे वाचावेत म्हणून हाच माणूस घासाघीस करत असतो. ज्या खर्चाचे बिल फाटत नाही तो सर्वांत मोठा असतो, आणि खर्चकपातीच्या चर्चेत नेमके त्याचेच नाव निघत नाही.

तासगाव-सांगलीच्या बेदाणा बाजाराने यावर आपला एक उपाय काढलेला आहे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. दिवाळीच्या सुमारास सौदे बंद ठेवून आधी जुनी येणी-देणी चुकती करायची, ज्याला इथे ‘शून्य पेमेंट’ म्हणतात. ज्याचा हिशेब मिटला नाही, त्याला पुढच्या सौद्यात उभे राहता येऊ नये, हा त्यामागचा कणा. ही शिस्त कुठल्या व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नाही, ती पोळलेल्या माणसांनी घालून घेतली आहे. पण वर्षातून एकदा पाणी उपसून भागण्यासारखा हा काळ नाही. द्राक्षाच्या हंगामात तर परगावचा व्यापारी बाग ठरवतो, चार गाड्या रोखीने नेतो, पुढच्या आठ उधारीवर भरतो आणि एक दिवस फोन बंद करतो. मिरज, पलूस, कवठेमहांकाळच्या पोलीस ठाण्यांत अशा तक्रारी हंगामागून हंगाम येत राहिल्या आहेत. मंदीत त्या वाढण्याचाच धोका अधिक.

कायदा इथे अर्ध्या वाटेवर थांबतो. सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मोजा, असे 2006 चा कायदा सांगतो. आयकर कायद्यातली याविषयीची तरतूद 2023-24 या वर्षापासून लागू झाली. मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाते त्याच वर्षी तिची वजावट मिळते. कुपवाडचा कास्टिंग करणारा निदान या तरतुदीकडे बोट दाखवू शकतो, अर्थात पुढची ऑर्डर जाईल या भीतीने दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी. द्राक्ष बागायतदाराला तेवढाही आधार नाही, कारण तो 2006 च्या कायद्यातला ‘उद्योग’च नाही.

उधारीची साखळी कशी तुटते हे आपण 2010 मध्ये पाहिले आहे. 2008 च्या जागतिक मंदीतून युरोप पुरता सावरलेला नव्हता. त्याच वेळी आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. बागायतदार ज्याला लिहोसीन म्हणून ओळखतो, तेच हे. कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले, भाव कोसळले, निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि त्यांनी नाशिक-सांगलीच्या बागायतदारांचे थकवले. एका रसायनाची तपासणी आपल्या यादीत वेळेवर आली नाही, त्याची किंमत कर्ज काढून बाग लावलेल्याने मोजली. आजही दूरचा धक्का तितक्याच वेगाने इथवर येतो. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. भाडे वाढले, दिवस वाढले, माल नाशवंत. अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले, तेव्हा कापड आणि इंजिनीअरिंगच्या ऑर्डरींवरही सावट आले.

दुसरी कात्री चालते ती साठवणीवर आणि विम्यावर. हरिपूरची पेवे आठवा. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत खोल खड्डे घेत, तोंड अरुंद, आत उसाच्या पाल्याचे अस्तर. हळद भरून तोंड बंद केले की वर्षानुवर्षे कीड लागत नसे. उघडल्यावर आतली कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत माणसाला उतरू देत नसत. विजेचे बिल नाही, औषधफवारणी नाही. इतकी स्वस्त आणि शहाणी साठवण दुसरी नसेल. पण 2005 च्या पुराचे पाणी पेवांत शिरले आणि हळद आतच कुजली. व्यवस्था स्वस्त होती, पण सगळी एकाच नदीच्या काठाला होती. म्हणून आज सखल भागातले गोदाम भाडे कमी म्हणून घेणाऱ्या आणि विम्याचा हप्ता यंदा राहू दे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही कळकळीने सांगतो, ही काटकसर करू नका. 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग आठवडाभर बंद पडला, तेव्हा ज्यांचा सगळा माल एकाच वाटेवर होता त्यांचे हात बांधले गेले.

करायचे काय, हे अवघड नाही. बाजार समितीने दर शनिवारी खरेदीदारनिहाय थकबाकी यार्डाच्या दारात फळ्यावर लावावी आणि ठरलेल्या दिवसांपुढे गेलेल्याला सौद्यात उभे करू नये. बाहेरच्या द्राक्ष व्यापाऱ्याकडून हंगामाआधी नोंदणी आणि अनामत घ्यावी. शेतमाल तारण योजनेत गोदामातल्या हळदीच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पडत्या भावात उधारीने विकण्यापेक्षा हा मार्ग बरा, हे गावोगाव जाऊन सांगावे. मोठ्या कारखानदारांनी आपल्या जॉबवर्कवाल्यांचे पैसे आधी मोकळे करावेत, कारण त्यांतला एखादा शटर ओढून गेला तर तसा दुसरा उभा करायला वर्षे जातात.

पाटबंधारे खाते पावसाळ्यात आयर्विनची पातळी तासातासाला कळवते. तसाच थकबाकीचा फळाही येत्या शनिवारपासून लागावा, अशी आमची बाजार समितीकडे मागणी आहे.